न मोजलेली बाळे

माझ्या आजीला कुणी विचारले, ‘मुले किती?’ तर ती म्हणे, ‘चार.’ बारशाआधीच गेलेली तिघे ती धरीत नसे. मग सरकारी वहीत तरी ती कोठून येणार?

हजार जिवंत जन्मांमागे किती बालके वर्ष पुरे होण्याआधी दगावली, याला बालमृत्युदर म्हणतात. समाजाचे आरोग्य पाहावयाचे तर हा आकडा आधी पाहतात. कारण आईचे पोषण, पाणी, सुईणीचे हात, दवाखान्याचे अंतर, सारे त्यात उतरते. पण मृत्यू नोंदलाच नाही तर आकडा लहान दिसतो, आणि आपण खूष! जन्ममृत्यूच्या नोंदीचा देशव्यापी कायदा १९६९ साली झाला खरा, पण वही भरणार कोण?

गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ साली गावोगाव मोजले, तेव्हा हा दर १२१ निघाला. १९९५ पासून तिने गावच्याच बायकांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, न्यूमोनिया ओळखणे शिकविले. ३९ गावांत तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

परवा मी वंशावळ लिहावयास बसले, तेव्हा आजीच्या नावाखाली सात रेघा ओढल्या. तिघींपुढे नावे नाहीत.