आमदाराकडे जाण्याआधी

आमच्या मांद्रेत कुठलेही काम अडले की शेवटचे वाक्य ठरलेले, 'आमदाराक सांगूया.' नळाला पाणी नसो वा रस्त्यावर दिवा नसो. सांगायला दोघे-तिघे जातात आणि काम बहुधा एकाचेच असते. पण एकच मागणी घेऊन सगळ्या मतदारसंघांतल्या लोकांनी एकाच वेळी आपापल्या आमदाराला गाठणे ही गोष्ट निराळी. इंग्रजीत तिला 'लॉबी' म्हणतात. या शब्दाला आपल्याकडे वाईट वास आहे, खाणवाल्यांची लॉबी, बिल्डरांची लॉबी. मूळ अर्थ मात्र साधा आहे. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरचे दालन. लंडनच्या संसदेत मतदार त्या दालनात जाऊन हिरव्या कार्डावर नाव लिहून देतो आणि आपल्या खासदाराला बाहेर बोलावतो.

हे सुचण्याचे कारण म्हणजे मराठीला राजभाषेचा दर्जा मिळावा ही जुनी मागणी. ती आजही जिवंत आहे. आमदारांना भेटायचे ठरले की चर्चा सुरू होते, बसगाड्या किती, फलक किती, माणसे किती. मी सरकारी नोकर. वर्तणूक नियम १९६४ प्रमाणे राजकीय चळवळीत भाग घ्यायला मला मनाई आहे. इतिहास सांगायला मात्र नाही. म्हणून वाचकहो, थोडे मागे जाऊ.

डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीवची पहिली विधानसभा निवडणूक झाली, मगो पक्ष सत्तेवर आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १९६५ मध्ये विधानसभेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला. आपल्या बाजूला वाटले, काम फत्ते झाले. डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र एक गोष्ट नीट ओळखली होती. निर्णय पणजीत व्हायचा नव्हता, संसदेत व्हायचा होता. त्यांची शिष्टमंडळे दिल्लीला गेली, पंतप्रधानांना भेटली. मागणीही मोजकी होती, विधानसभेने ठरवू नये, लोकांना थेट विचारावे. आणि कौल घेताना मगोचे सरकार खुर्चीवर नसावे. दोन्ही गोष्टी झाल्या. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला आणि त्याच महिन्यात भाऊसाहेबांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. फुलाला, म्हणजे विलीनीकरणाला, १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. आमच्या पेडण्याने फुलाला भरभरून मते दिली होती. पण कोणता प्रश्न, कोणाला आणि कधी विचारायचा हे आधीच ठरून गेले होते.

दुसरा प्रसंग १९८५ ते १९८७ चा, राजभाषेच्या वादाचा. दोन्ही बाजूंनी सभा झाल्या, मोर्चे निघाले, डिसेंबर १९८६ मध्ये दंगलीही झाल्या. शेवटी ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. मांद्रेचे आमदार रमाकांत खलप त्या सभागृहात होते. कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीचा वापर शासकीय कामांसाठी करण्याची तरतूद आली, 'सर्व किंवा कोणत्याही' कामांसाठी. मी कारकून आहे. फाईलीत 'किंवा' दिसला की आम्ही पेन थांबवून बघतो. 'सर्व' कामे म्हटले असते तर सगळ्याच कामांत मराठी आणावी लागली असती. 'कोणत्याही' म्हटल्यावर एखाद्या कामात वापरली तरी भागते. मैदाने भरली त्यांचे फोटो राहिले, पण कारभार चालला तो त्या 'किंवा'वर.

तिसरा प्रसंग २००६ चा. ऑगस्टमध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. गोवा बचाव अभियानाने नकाशे लोकांसमोर आणले, कोणता डोंगर आणि कोणते शेत वस्तीच्या रंगात गेले ते दाखवले. डिसेंबरमध्ये आझाद मैदानावर गर्दी झाली. पुढच्याच महिन्यात सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. निवडणूक जवळ होती हे खरेच. पण आपल्या गावाचे काय होणार हे आलेल्या माणसाला ठाऊक होते, हेही तितकेच खरे.

नुसत्या आकड्याचे काय होते, तेही बघा. १८४८ मध्ये इंग्लंडच्या चार्टिस्ट चळवळीने मताधिकारासाठी संसदेला अर्ज दिला. नेते म्हणाले, ५७ लाख सह्या आहेत. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तर सुमारे २० लाख भरल्या, आणि त्यांत खुद्द व्हिक्टोरिया राणीची सही! २० लाख काही थोड्या नव्हेत, पण त्या एका सहीने हसे झाले. त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे कायद्यात आल्या, पण त्याला कित्येक वर्षे जावी लागली.

तर मुद्दा असा. आमदाराकडे जाताना हातात काय असावे? कायद्याची प्रत असावी. त्यातला कोणता शब्द बदलायचा आणि त्या जागी कोणता घालायचा, हे एका ओळीत लिहिलेले असावे. हे काम कोणाच्या हातात आहे, तेही माहीत असावे. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पुरावा. १७८८ साली पेडणे महाल सावंतवाडीकडून पोर्तुगीजांकडे गेला तरी इथल्या देवळांचे हिशेब मराठीत राहिले. आपण बोलतो कोकणीत, पण लग्नपत्रिका आणि भजनाची वही मराठीतच. हा पुरावा घरोघरी आहे. कचेरीत मात्र तो दिसत नाही.

मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर द्यावे, हे सरकारचे धोरण आहे. पण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक अर्ज इंग्रजीत असतात. मराठी शाळेत शिकलेली माणसेसुद्धा दुसऱ्याकडून मोडकेतोडके इंग्रजी लिहून आणतात आणि खाली सही तेवढी मराठीत करतात. उद्या आमदाराने विधानसभेत विचारले की तालुक्यातून वर्षाला मराठी अर्ज किती आले, तर आवक नोंदवहीतून जो आकडा निघेल तोच छापला जाईल. समोरच्या बाजूला मग दुसरा पुरावा लागणार नाही.

म्हणून मोरजी, हरमल, केरी, पार्से, तुये इथल्या वाचकांना एवढेच सांगणे. बसगाडी ठरवा, फलक रंगवा, पण त्याआधी घरातला एक अडलेला अर्ज काढा, तो स्वच्छ मराठीत लिहा, आवक क्रमांक घ्या आणि उत्तर मराठीत मागा. पर्वरीला जाताना त्या क्रमांकांची यादी सोबत न्या. शंभर घोषणांपेक्षा ती जड भरेल, हे मी रोज त्याच नोंदवहीसमोर बसून सांगतो आहे.