माशांची मुखस्पर्श-संवेदना

माशांच्या ओठांवर, जबड्यांवर व मिशांवर होणारा स्पर्श, तसेच जबड्याची हालचाल यांच्या जाणिवेस मुखस्पर्श-संवेदना म्हणतात. ही संवेदना मुख्यतः पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेमार्फत, म्हणजे त्रिशाखी तंत्रिकेमार्फत, मेंदूकडे पोहोचते. पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेखा ही निराळी यंत्रणा आहे.

रचना

त्रिशाखी तंत्रिकेच्या नेत्र, ऊर्ध्वहनू व अधोहनू अशा तीन शाखा असतात. त्वचेतील मुक्त तंत्रिकाग्रे दाब व स्पर्श ओळखतात. झेब्रा माशाच्या भ्रूणात ही यंत्रणा फलनानंतर सुमारे एका दिवसातच कार्य करू लागते. डोक्याला स्पर्श होताच भ्रूण अंग आकसतो.

मिशा

मागूर माशाला मिशांच्या चार जोड्या असतात. गढूळ पाण्यात दृष्टी निरुपयोगी ठरते, तेव्हा तो मिशांनी तळ चाचपत अन्न शोधतो. मिशांवर रुचिकलिकाही असतात. मात्र तेथील चव सातवी तंत्रिका वाहून नेते, तर स्पर्श पाचवी.

जबड्याच्या हालचालीची जाणीव

बहुतेक संवेदी चेतापेशी मेंदूबाहेरील गुच्छिकेत असतात. जबड्याशी निगडित काही पेशी मात्र अपवादाने मध्यमस्तिष्कातच असतात. जबडे नसलेल्या लॅम्प्रे व हॅगफिश यांच्यात हा पेशीसमूह आढळत नाही. त्यामुळे त्याचा उगम जबड्यांच्या उत्क्रांतीशी जोडला जातो. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना आज्ञा देणारे तंतूही त्रिशाखी तंत्रिकेतूनच जातात. त्यामुळे भक्ष्य पकडण्याच्या क्रियेत संवेदना व हालचाल यांची सांगड याच तंत्रिकेच्या द्वारे घातली जाते.

वेदनेचा प्रश्न

लिन स्नेडन व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउट माशावरील प्रयोग प्रसिद्ध केले. चेहऱ्यावर व डोक्यावर नोंदलेल्या 58 ग्राहकांपैकी 22 ग्राहक इजाकारक उद्दीपनास प्रतिसाद देणारे आढळले. ओठांत ॲसिटिक आम्ल टोचलेल्या माशांनी ओठ खड्यांवर घासले व पुन्हा अन्न घेण्यास अधिक वेळ लावला. काही शास्त्रज्ञांच्या मते, माशांना नवबाह्यक नसल्यामुळे या वर्तनास जाणीवयुक्त वेदना म्हणता येत नाही. गळ बहुधा तोंडातच रुतत असल्याने गळाने होणारी मासेमारी व मत्स्यपालन यांतील प्राणिकल्याणाच्या चर्चेत या संशोधनाला महत्त्व आहे.