सोलापूरचा कॅमशाफ्ट आणि पेट्रोलचा दाब

सोलापूर म्हटलं की चादर आठवते. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी मोटारींचे कॅमशाफ्ट घडवते, आणि इंजिनातला व्हॅक्यूम किती आणि किती स्थिर, यात झडपा उघडणाऱ्या या दांड्याचा मोठा वाटा असतो. कार्ब्युरेटरमध्ये इंजिनाची ही ओढच पेट्रोल खेचून घेई. इंजेक्शन आलं तेव्हा तीच अडचण ठरली. इंजेक्टरचं तोंड इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये उघडतं. आयडलिंगला तिथला दाब उतरला की तेवढ्याच वेळात जास्त पेट्रोल सुटणार. १९७०च्या दशकात बॉशच्या एल-जेट्रॉनिकने त्यावर साधा तोडगा वापरला. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरच्या डायफ्रामची स्प्रिंगकडची बाजू नळीने मॅनिफोल्डला जोडली, म्हणजे व्हॅक्यूम वाढला की इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमधला दाबही तेवढाच उतरतो. चालू इंजिनावर ती नळी काढा, गेजचा काटा साधारण अर्धा बार वर जातो; नळी आतून पेट्रोलने ओली लागली तर डायफ्राम फाटलाच समजा.

आता रेग्युलेटर टाकीत गेला, नळी गेली, मग व्हॅक्यूमचं काय उरलं, असं कुणी विचारेल. आक्षेप अर्धाच खरा आहे. रेलमधला दाब आता स्थिर राहतो; ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मॅनिफोल्डचा दाब हिशेबात धरतो आणि इंजेक्टर उघडा ठेवण्याची वेळ बदलतो. डायफ्रामचं काम गणिताकडे गेलं, एवढंच. कॅमशाफ्ट झिजून व्हॅक्यूम डळमळला, तर ते गणितही चुकतं.