दोन पानांचा पेपर आणि हजारो साइटेशन

संशोधकाची किंमत साइटेशन मोजून ठरवायची का? मला यावर एक जपानी किस्सा सांगायचाय.

१९६७, टोकियो विद्यापीठ. अकिरा फुजिशिमा तेव्हा केनिची होंडा यांचे विद्यार्थी. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवला. आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो ना, तोच पदार्थ. तारेने तो प्लॅटिनमला जोडला आणि त्यावर प्रखर प्रकाश टाकला. स्फटिकावर ऑक्सिजनचे बुडबुडे, प्लॅटिनमवर हायड्रोजन! प्रकाशाने पाणी फोडलं होतं.

जाणकारांना हे पटेना. १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर आला, जेमतेम दोन पानांचा. पुढच्याच वर्षी तेलसंकट आलं, इंधन महागलं आणि जगाला ही दोन पानं एकदम महत्त्वाची वाटू लागली. आज त्यांची साइटेशन वीस हजारांच्या वर आहेत.

पण गंमत बघा. या पदार्थाला अतिनील किरणच लागतात आणि सूर्यप्रकाशात ते असतात जेमतेम पाच टक्के. त्यामुळे स्वस्त हायड्रोजनचं स्वप्न अजून अपुरंच आहे. बाजारात आल्या त्या, याच गुणावर चालणाऱ्या, स्वतःला स्वच्छ ठेवणाऱ्या काचा आणि टाइल्स.

म्हणून मला वाटतं, साइटेशनवरून एवढंच कळतं की त्या प्रश्नाला किती जण भिडले. तो सुटला का, हे नाही कळत. आणि तेलसंकटाआधी कुणी नुसता आकडा बघून फुजिशिमांना जोखलं असतं तर? प्रयोग तोच होता, बुडबुडेही तेच.

तुम्ही रिसर्च करत असाल, तर हे लक्षात ठेवा.