एकतीस तास

गुरुवार, २ नोव्हेंबर २०००

लुईस ब्लॅकमन पंधरा वर्षांचा. राहणारा अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबियाचा. अभ्यासात हुशार, फुटबॉल खेळणारा, नाटकात रमणारा. त्याच्या छातीचं मधलं हाड आत दबलेलं होतं. असं हाड वर उचलण्याची एक पद्धत व्हर्जिनियातल्या डॉ. डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये सुरू केली: बरगड्या न कापता, दोन्ही बाजूंना छोटे छेद घेऊन हाडाखालून एक वाकवलेली धातूची पट्टी सरकवायची. चार्ल्सटनच्या मेडिकल युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायनाच्या बालरुग्णालयात लुईसवर हीच शस्त्रक्रिया झाली. घाई कसलीच नव्हती. सवडीने तारीख घेऊन केलेलं ऑपरेशन, आणि ते ठरल्याप्रमाणे पारही पडलं.

पुढे जे बिघडलं त्याचा छातीशी संबंध नाही.

शस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या वॉर्डात खाट नव्हती, म्हणून लुईसला रक्तविकार आणि कर्करोगाच्या मुलांच्या वॉर्डात हलवलं. तिथल्या सिस्टर्सचा हात केमोथेरपीत बसलेला. ऑपरेशननंतरच्या पोराच्या पोटावर कशी नजर ठेवायची, हा त्यांचा रोजचा सराव नव्हे. सलाईन गरजेपेक्षा कमी चाललं होतं आणि लघवी फारच थोडी होत होती. वेदनेसाठी पाठीतून दिलेल्या औषधाच्या जोडीला दर सहा तासांनी शिरेतून केटोरोलॅकचं इंजेक्शन सुरू झालं.

या औषधाबद्दल दोन वाक्यं सांगायलाच हवीत, कारण आपल्याकडे दाढ दुखली की हीच गोळी सहज दिली-घेतली जाते. केटोरोलॅक शरीरातली जी रसायनं रोखून वेदना थांबवतं, तीच रसायनं जठराचं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं अस्तर सांभाळत असतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतात. म्हणून पाच दिवसांहून जास्त द्यायचं नाही, आणि शरीरात पाणी कमी पडलेल्या रुग्णाला तर द्यायचंच नाही, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो. लुईसच्या लघवीच्या पिशवीतला आकडा आणि त्याच्या औषधांच्या तक्त्यावरचं हे नाव, दोन्ही एकाच केसपेपरवर होती.

शुक्रवार आणि शनिवार

बाहेरून पाहिलं तर सगळं बेताचं बरं. बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं यंत्र सारखं वाजत होतं. पोराला झोप मिळावी म्हणून यंत्राच्या इशाऱ्याची पातळी खाली आणली गेली. दर सहा तासांचं इंजेक्शन चालूच होतं.

रविवार, सकाळी ६.३० : उरले एकतीस तास

इंजेक्शन देऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. लुईसच्या पोटात, वरच्या बाजूला, एकाएकी भयंकर कळ आली. हे दुखणं निराळं आहे, ऑपरेशनच्या जागेचं नाही, हे त्याला स्वतःला कळत होतं, त्याच्या आईलाही कळत होतं. वेदना मोजण्याच्या पट्टीवर त्याने सर्वांत वरचा आकडा सांगितला.

उत्तर मिळालं: गॅस आहे. पाठीतून देतात त्या औषधाने आतडी मंदावतात, पोट साफ होत नाही, वारा धरतो. उठून चार पावलं चाललं की बरं वाटेल.

हे उत्तर वेडगळ नव्हतं, आणि मला वाटतं, घात त्यातच होता. अशा औषधांवरच्या दहा मुलांची पोटं फुगली तर बहुतेकांना गॅसच झालेला असणार. पण बारीक बारीक वाढणारं दुखणं आणि घड्याळाच्या एका मिनिटाला सुरू झालेलं दुखणं यांत फरक असतो. पोटातलं काही फाटलं, फुटलं किंवा पिळलं गेलं, तर रुग्ण नेमकी वेळ सांगतो. लुईसच्या बाबतीत ती वेळ सगळ्यांना ठाऊक होती.

रविवार, दिवसभर

पोट फुगलं आणि फळीसारखं कडक झालं. चेहरा पांढराफटक पडला, डोळे खोल गेले, अंगाला गार घाम सुटला. लघवी जवळपास थांबली. नाडीचा वेग चढत गेला आणि अंगाचं तापमान उतरत गेलं.

यातली एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकीला कारण सापडतं. नाडी वाढली, कारण दुखतंय. लघवी नाही, कारण पाणी पीत नाही. फिकट दिसतो, कारण झोप नाही. सकाळी ‘गॅस’ हे नाव एकदा पडलं, आणि त्यानंतर आलेलं प्रत्येक लक्षण त्याच नावाखाली जमा होत गेलं. शिफ्ट बदलली तशी नवीन सिस्टरही ते नाव वारशात घेऊन आली.

लुईसची आई हेलन हॅस्केल खाटेपासून हलली नव्हती. पोराची तब्येत तासातासाला ढासळताना सलग पाहणारी ती एकटीच. बाकी सगळे येऊन-जाऊन होते. तिने मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे लुईसची जबाबदारी असलेल्या अनुभवी सर्जनला, बोलवायला सांगितलं. पण तो रविवार होता. सुट्टीच्या दिवशी वॉर्ड निवासी डॉक्टरांच्या हवाली असतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. सिस्टरने निवासी डॉक्टरला कळवायचं, त्याने वरच्या निवासी डॉक्टरला, आणि त्याला गरज वाटली तरच सुट्टीवरच्या सर्जनला. या साखळीतल्या प्रत्येकाला आपल्यावरच्याची झोपमोड करण्याची थोडी तरी भीती असतेच.

रविवार, रात्री ८ च्या सुमारास : उरले सतरा तास

एक डॉक्टर आले. तपासलं, ऐकून घेतलं. गॅस आणि बद्धकोष्ठाचं निदान कायम राहिलं. घरच्यांचा समज झाला की मागितलेले मोठे डॉक्टर हेच. प्रत्यक्षात ते वरच्या वर्षाचे निवासी डॉक्टर होते, म्हणजे तेही प्रशिक्षणातलेच. पांढरा कोट सगळ्यांचा सारखा. बिल्ल्यावरून कोण शिकतंय आणि कोण शिकवतंय ते कळायला मार्ग नव्हता. आईला वाटलं, शेवटचा शब्द ऐकून झाला. मग भांडायचं कोणाशी?

रक्ततपासणी नाही, पोटाचा फोटो नाही. रात्र तशीच गेली. नाडी १४२ वर पोचली. हा आकडा लिहून ठेवलेला आहे.

इथे जरा थांबतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली रुग्णालयांसाठी धोक्याच्या सूचनेचा एक सामायिक तक्ता आला. श्वास, ऑक्सिजन, तापमान, रक्तदाब, नाडी आणि शुद्ध, प्रत्येकाला गुण द्यायचे. नाडी १३१ किंवा जास्त असली की त्या एकट्या आकड्याला ३ गुण, आणि कुठल्याही एका रकान्यात ३ पडले की डॉक्टरने तातडीने येऊन पाहायचं. तो तक्ता सोळा वर्षांपुढच्यांसाठी आहे, मुलांचे वेगळे असतात. मुद्दा एवढाच, की सिस्टरला तिथे ‘मला काळजी वाटते’ असं म्हणून वरिष्ठांचा रोष ओढवून घ्यावा लागत नाही. बेरीज तिच्या वतीने बोलते. आणि तक्ते येण्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्येच, सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात वॉर्डातल्या कोणालाही थेट बोलावता येईल असं तातडीचं पथक सुरू झालं होतं. चार्ल्सटनच्या त्या रात्री युक्ती नवी होती, अशक्य नव्हती.

सोमवार, ६ नोव्हेंबर, सकाळी ८.३० च्या सुमारास : उरले पाच तास

सकाळच्या फेरीत रक्तदाब घेताना यंत्रावर आकडाच येईना. पट्टा बदलला. यंत्र बदललं. पुन्हा घेतला. दुसऱ्या वॉर्डातून यंत्र आणलं. दोन तासांहून जास्त वेळ ही खटपट चालली, आणि सगळ्यांचं मत एकच: यंत्र बिघडलंय.

यंत्रं धडधाकट होती. तरुण शरीर रक्त गमावू लागलं की हृदय जोरात धावतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. म्हणूनच गार हात, फिकट चेहरा आणि १४२ ची नाडी ही खरी बातमी असते. रक्तदाब सर्वांत शेवटी पडतो आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. मोजता न येणारा रक्तदाब हेच त्या सकाळचं मोजमाप होतं.

त्याच सकाळी लुईसचं दुखणं अचानक थांबलं. वॉर्डात ते सुधारणेचं चिन्ह मानलं गेलं.

सोमवार, दुपारी १२ च्या सुमारास

अखेर रक्त घ्यायला आले. सुई टोचलेली असतानाच लुईसने डोळ्यांपुढे अंधारी येत असल्याचं सांगितलं, आणि त्याचं हृदय बंद पडलं. मग मात्र सगळे धावले. छाती दाबणं, औषधं, काहीही राहिलं नाही. १ वाजून २३ मिनिटांनी त्याला मृत घोषित केलं.

शवविच्छेदनात लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण फुटून पडलेलं भोक सापडलं, आणि पोटात जवळजवळ तीन लिटर रक्त आणि पाचकरस.

त्यानंतर

‘चुका होणारच’ या अर्थाचं शीर्षक असलेला अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा गाजलेला अहवाल बरोबर वर्षभर आधी, नोव्हेंबर १९९९ मध्ये, आला होता. टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं अमेरिकी रुग्णालयांत दगावतात, असा त्याचा अंदाज. त्या आकड्यांच्या वादात सगळे गुंतलेले असताना लुईस गेला. नऊ लाख पन्नास हजार डॉलरवर तडजोड झाली. हेलन हॅस्केल तेवढ्यावर थांबली नाही. तिने इतर आयांना जमवून संघटना उभी केली आणि २००५ मध्ये साउथ कॅरोलायनात लुईस ब्लॅकमनच्या नावाचा रुग्णसुरक्षा कायदा झाला.

त्या कायद्यात मोठमोठे शब्द नाहीत, आणि म्हणूनच तो मला आवडतो. बिल्ल्यावर नाव, विभाग आणि हुद्दा स्पष्ट लिहायचा. शिकाऊ असेल तर शिकाऊ म्हणूनच लिहायचं. तातडीने दाद मागायची सोय रुग्णाला ठेवायची. आणि रुग्णाने आपल्या मोठ्या डॉक्टरांना कळवा म्हटलं, तर सिस्टरने फोन करायचाच. रुग्णाला स्वतः बोलायचं असेल तर नंबर देऊन फोन लावायला मदतही करायची.

कलमात एक पळवाट मात्र राहिली आहे. सिस्टरचा फोन मोठ्या डॉक्टरांना ‘किंवा त्यांनी नेमलेल्या प्रतिनिधीला’ गेला तरी कायद्याला चालतो. त्या रविवारी रात्री आठ वाजता असाच एक प्रतिनिधी खाटेपाशी आला होता.