आधी कोण? एका चिन्हाची गोष्ट

पदावली सोडवताना आपण मुलांकडून 'कंचेभागुबेव' पाठ करून घेतो. गुणाकार आधी व बेरीज नंतर, हा निसर्गनियम नव्हे, माणसांनी ठरवलेला संकेत आहे. संगणकाच्या भाषांनाही असा क्रम लागतो, आणि तो चुकला तर काय होते हे 'सी' भाषेच्या इतिहासात दिसते.

'सी'च्या आधीची 'बी' भाषा केन थॉम्पसन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या सुमारास तयार केली. तीत 'क्षमधून १० वजा करा' हे क्ष=-१० असे लिहीत. पण याचा अर्थ 'क्षची किंमत उणे १०' असाही वाटू शकतो! 'सी'मध्ये डेनिस रिची यांनी १९७६ साली चिन्हे उलटवून -= अशी केली. जुन्या भाषेत -= या जोडीला काही अर्थच नव्हता, त्यामुळे नवे रूप कशाशीही भांडले नाही.

& या चिन्हाचे तसे नव्हते. 'बी'मध्ये ते दोन कामे करी: संख्यांचे द्विमान अंक जोडीने तपासणे, आणि दोन अटींमधला 'आणि'. अटींसाठी == (समान आहे का?) ही तुलना आधी व्हायला हवी, म्हणून &चा क्रम तिच्यानंतर होता. पुढे ॲलन स्नायडर यांच्या सूचनेवरून 'आणि'साठी && हे वेगळे चिन्ह आले. आता &ला वर चढवायला हवे होते. पण जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम वापरात होते. तेच चिन्ह, तीच मांडणी, आणि अर्थ मात्र बदलला असता. रिची यांनी क्रम तसाच ठेवला.

परिणाम पाहा. सम संख्येचा शेवटचा द्विमान अंक ० असतो. म्हणून 'क्ष सम आहे का?' यासाठी क्ष & १ == ० असे लिहिले, तर संगणक आधी १ == ० तपासतो. ते असत्य, म्हणजे ०. मग क्ष & ० हेही ०. क्ष ४ असो वा ७, उत्तर 'नाही'! आणि संगणक हे लिखाण बिनतक्रार स्वीकारतो, ही खरी पंचाईत. (क्ष & १) == ० असा कंस घालावाच लागतो.

क्रम बदलला असता तर बरे झाले असते, असे रिची यांनी १९९३च्या लेखात लिहिले. तोवर १९८९च्या प्रमाणीकरणात जुनाच क्रम पक्का झाला होता. २००९ साली जाहीर झालेल्या 'गो' भाषेत & गुणाकाराच्या पंक्तीत, तुलनेच्या आधी बसले. 'गो'च्या तीन रचनाकारांपैकी एक होते केन थॉम्पसन.