धुराची जबानी

वसईचा इतिहास लिहिणाऱ्यांची लेखणी किल्ल्याच्या तटापाशी आणि 1739 सालच्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेपाशी जितकी रेंगाळते, तितकी महामार्गालगतच्या तेलकट, काळ्या जमिनीपाशी कधी रेंगाळत नाही. वास्तविक येथल्या बागांतील केळी, खायची पाने, फुले आणि भाजी मुंबईच्या बाजारात नेणारी वाहने ज्यांच्या हातांनी चालती राहिली, त्या डिझेल मिस्त्रींच्या विद्येत झालेले स्थित्यंतर एखाद्या सत्तांतराइतकेच अभ्यसनीय आहे.

वसई फाटा ते विरार फाटा या पट्ट्यात, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांच्या आश्रयाने जी गॅरेजे वाढली, तेथे निदानाचे मुख्य साधन धूर हेच होते. काळा आला तर डिझेल जास्त पडते आहे किंवा हवेची जाळी कोंदली आहे, निळा आला तर ऑइल जळते आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा सुटत राहिला तर डिझेल अर्धेकच्चे जाते आहे अथवा सिलिंडरात पाणी शिरते आहे, हे उमेदवार पोरगा पाने-पक्कड पुसता पुसता शिकत असे. सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून धक्क्यांचा ताल जोखणे ही पुढची पायरी.

या प्रत्यक्ष प्रमाणास सरकारी नियमांनी हळूहळू बाजूस सारले. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 115 व्या कलमाने धुरास मर्यादा घातली. रघुनाथ माशेलकर समितीने नव्या शतकाच्या आरंभी उत्सर्जनाच्या टप्प्यांचा आराखडा दिला. आणि पाचवा टप्पा वगळून 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चा अंमल सुरू झाला, तेव्हा डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडविणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, सर्रास बसू लागली. (ही गाळणी कारखान्यातूनच बसवून प्रथम विकली ती प्यूजोने, 2000 साली, आपल्या 607 मोटारीत.)

धूर असा नजरेआड झाला आणि त्याच्या वतीने साक्ष देण्यास दाबाचा सेन्सर उभा राहिला. गाळणीच्या अलीकडून व पलीकडून आलेल्या दोन नळ्यांतील दाबांचा फरक तो कळवितो. फरक वाढला की काजळी साचली असे मानून गाडीतला संगणक जादा डिझेल सोडतो आणि सुमारे 600 अंश सेल्सिअस उष्णतेवर ती जाळून टाकतो. पण साक्षीदारच खोटा निघाला तर? अलीकडची रबरी नळी चिरली, तर गाळणी भरत असूनही फरक कमी दिसतो; पलीकडची निसटली, तर फरक फुगून दिसतो, काजळी वारंवार जाळली जाते, आणि न जळलेले डिझेल ऑइलात उतरून डिपस्टिकवरील पातळी उगाच चढते. ऑइल वाढले म्हणून हर्षित होणारा गाडीमालक माझ्या मते दयेस पात्र आहे.

जाणता मिस्त्री म्हणूनच स्कॅनरवर या सेन्सरच्या दोषाचा 2453 हा पी-क्रमांक उमटताच नवा सेन्सर मागवीत नाही. तो किल्ली फिरवितो, पण इंजिन चालू करीत नाही. दोन्ही नळ्यांत तेव्हा बाहेरचीच हवा असल्याने आकडा शून्याशी असावयास हवा. नसल्यास नळ्या काढून पुन्हा पाहतो. तरीही आकडा शून्यावर आला नाही, तर मीटर लावून पाच व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासतो, प्लग उघडून खाऱ्या, दमट हवेने पिनांवर हिरवट थर चढला आहे काय ते न्याहाळतो. हे सर्व शाबूत असेल तरच दोष सेन्सरच्या माथी येतो. उलट शून्य बरोबर असेल, तर नळ्यांत फुंकर घालून काजळीचा बोळा अडकला आहे काय, त्या कोठे चिरल्या आहेत काय, याचा तपास करतो. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून ते काळे निघाले, तर गाळणीच फुटली असल्याचा संशय बळावतो. जुन्या विद्येचा एवढा अवशेष अजून कामास येतो.

नवा सेन्सर बसविल्यावरही बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने त्याचे शून्य संगणकास नव्याने नोंदवून द्यावे लागते; ही तजवीज राहून गेली की जुन्याच हिशेबावर कारभार चालतो आणि गाडी तीच तक्रार घेऊन त्याच फाट्यावर परत येते.